तांबडा ठिपका

बिरदेवतात्याकडे कुठलाही जुना स्पीकर नेला की तो आधी ब्लेड काढायचा. स्पीकरच्या मागे वायर जोडायची दोन टोकं असतात. त्यातल्या एकाजवळ कंपनीने लाल रंगाचा ठिपका दिलेला असतो, म्हणजे हे टोक प्लसचं. तात्या तो ठिपका खरवडून टाकायचा, वर फुंकर मारायचा आणि मगच कामाला लागायचा. एकदा पुण्याहून एक हौशी गृहस्थ साठ वर्षांपूर्वीची विलायती जोडी घेऊन आले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत तात्याने ब्लेड चालवलं तेव्हा ते रडकुंडीला आले. तो मूळचा ठिपका होता, त्यालाच मोल होतं म्हणे. तात्या म्हणाला, "रंगावर इस्वास असंल तर घरी घिऊन जावा. हितं सेल सांगंल ते खरं."

सेल म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतात तो, दीड व्होल्टचा. तात्याने त्याला दोन वायरी चिकटवून ठेवल्या होत्या. त्या वायरींची टोकं स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायची. स्पीकरचा कागदी पडदा पुढे उसळला, तर सेलचा प्लस जिथे टेकला ते टोक प्लसचं. पडदा आत ओढला गेला तर उलटं. तात्याला अलीकडे नीट दिसत नसे, म्हणून तो करंगळीचं नख कागदावर ठेवून बसायचा आणि "आला" किंवा "गेला" एवढंच म्हणायचा. मग पांढऱ्या रंगाने प्लसच्या टोकापाशी स्वतःची खूण करायचा. त्याची बायको साखरबाई चुलीपासून ओरडायची, "दिवं लागायच्या वक्ताला घरात गेला गेला काय लावलंय?" की तात्या निमूट "आत" म्हणायला लागायचा. दोन मिनिटांत पुन्हा "गेला".

तो हे काम कुठे शिकला, तर तंबूतल्या सिनेमात. इंदापूर, बावडा, निमगाव, जिथे जत्रा तिथे तंबू, आणि तंबूमागे हा. पुढे स्वतःचा अँप्लिफायर घेतला, भोंगे घेतले, लग्न-बारशाला माईक लावू लागला. लासुर्ण्याला भाच्याच्या घरी येऊन राहिला आणि एका पडवीत बसून फक्त दुरुस्ती करू लागला तो नंतर. तिथे त्याच्याकडे बारामतीपासून कोल्हापूरपर्यंतची गिऱ्हाइकं यायची. त्याने जोडी तपासली म्हणजे दोन्ही पडदे एकाच वेळी पुढे येणार आणि एकाच वेळी मागे जाणार, यात शंका नाही.

हे लिहायला बसेपर्यंत मी त्याला "तात्या, तुम्ही" असंच म्हणत आलो. कागदावर मात्र "तो" उतरला, आणि मी तो खोडणार नाही. शेवटपर्यंत वाचून कुणाला त्याचा "ते" करावासा वाटला तर त्याने खुशाल करावा.

मी बारामतीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. जुन्या स्पीकरचा नाद आहे, भंगारवाल्यांकडे फिरतो. सेल लावून तपासणं हे काम मला घरी जमत नव्हतं असं नाही, पाचवीतलं पोरही करील. तरी दोन महिन्यांतून एकदा मी लासुर्ण्याला जायचो, कारण तात्या आमच्या गावचा आणि साखरबाई माझ्या आईची, प्रयागाची, मैत्रीण. दोघींचं माहेर बावड्याचं. साखरबाई मला चहा द्यायची आणि एकटक बघत म्हणायची, "हनुवटी प्रयागाची हाय." तेवढं ऐकायला मी चाळीस किलोमीटर जात होतो, हे सरळ सांगतो.

आमचं गाव निरवांगीच्या खालच्या अंगाला, नीरेच्या काठावर. नाव लिहीत नाही. गाव अजून तिथंच आहे आणि माणसंही. उंचवट्यावर देऊळ, देवळासमोर लोखंडी खांब, खांबावर शेजारी शेजारी दोन भोंगे, दोघांची तोंडं सरळ नदीच्या उताराकडे. वरच्या धरणातून पाणी सोडलं की कोतवालाने भोंग्यावरून सांगायचं. मग लोक काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी वर काढत आणि पात्रात उतरलेली माणसं परत येत. भोंगे बसवले होते तात्याने. कोतवाल होते नाना. नानांचं घर देवळाच्या पश्चिमेला, बौद्ध वस्तीत. ती वस्ती त्या खांबाच्या अगदी बाजूला येते, भोंग्यांच्या तोंडासमोर नाही. ही दिशा लक्षात ठेवा. मी सत्तावीस वर्षं ठेवली नाही.

त्या वर्षी कोजागरी होऊन दोन दिवस झाले होते. घाटात परतीचा पाऊस धो धो पडला आणि वरून पाणी सोडलं. नाना निरोप घेऊन सायकलीवरून आले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. अँप्लिफायर देवळाच्या ओवरीत असायचा. नाना आत जात नसत. माईकची वायर बाहेर ओढून खालच्या पायरीवर उभे राहून बोलत. आम्हाला त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं. त्या दिवशी ते तीनदा बोलले. हे मला आज माहीत आहे.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, बी.एस्सी. होऊन घरी बसलेला. काठावर मोटारीपाशी होतो, भोंग्यांच्या नेमका समोर, तीनशे पावलांवर. आई मळईत गवत कापत होती. मळई म्हणजे पात्रातला गाळाचा उंचवटा. तिथे जायला गुडघाभर पाणी ओलांडावं लागे. वारा होता, मागे ऊस सळसळत होता. भोंग्याचा एक शब्द मला ऐकू आला नाही. पाणी चढताना दिसलं तेव्हा मी हाक मारली. आईने ती ऐकली, हात केला आणि गवताचा भारा डोक्यावर घेऊनच पाण्यात उतरली. भारा टाकून आली असती तर वाचली असती, असं पुढे लोक म्हणायचे. लोकांना म्हणायला काय जातंय. ती दुसऱ्या दिवशी सापडली, दोन गावं खाली.

तेरावा झाल्यावर ग्रामसभा बसली. नाना उभे राहिले. म्हणाले, "मी तीन येळा बोललो. आवाज मलाच जरा बारीक लागला, पर मी बोललो." गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तोंडच उघडलं नसंल तर बारीकच लागनार." मग वस्तीतली आठ-दहा माणसं उठली. आम्ही ऐकलं, शब्द न् शब्द ऐकला, म्हणाली. त्यावर आमच्या भावकीतला एक म्हातारा बसल्या जागेवरून बोलला, "वस्तीतलीच मानसं. ती म्हननारच." तो विषय तिथंच संपला. कुणी त्यांना पुढे काही विचारलं नाही.

मग मला विचारलं. मी म्हणालो, भोंगा वाजलाच नाही. सगळी सभा माझ्याकडे बघत होती आणि आईचा मुलगा खोटं कशाला बोलेल? मी खोटं बोललोही नव्हतो. शेवटी तात्याला विचारलं, भोंगे चालू होते का. तात्या खाली बघून म्हणाला, "भोंग्यात काय दोस न्हाय. दसऱ्यालाच उतरून साफ केल्यात."

झालं. भोंगा चांगला, ऐकू मात्र काही आलं नाही, म्हणजे कोतवाल बोललाच नाही. आठ दिवसांत गावात पसरलं की नाना त्या दुपारी पिऊन पडले होते. त्या माणसाने तोवर दारूला बोट लावलं नव्हतं. वर तक्रार गेली. तिच्यावर पहिली सही माझी. नानांचं काम गेलं आणि नंतर ते खरोखर प्यायला लागले. म्हणजे गाव पुन्हा म्हणायला मोकळं, बघा, आम्ही काय म्हणत होतो.

तात्याने त्याच वर्षात भोंगे विकले, माईक विकले आणि लासुर्णे गाठलं. आम्हाला वाटलं, आईचं जाणं मनाला लावून घेतलं. मी त्याचा त्यासाठी मान राखत आलो.

साखरबाई यंदाच्या उन्हाळ्यात गेली. दोन महिन्यांनी मी लासुर्ण्याला गेलो तेव्हा बरोबर बारा इंची दोन स्पीकर होते, इंदापूरच्या एका भंगारात मिळालेले. दोन्ही एखाद्या तंबू थिएटरचे असावेत. दोघांच्या मागे लाल ठिपका, अगदी स्वच्छ. तात्याने त्या दिवशी ब्लेड काढलं नाही. ठिपक्यावर नुसतं बोट फिरवलं, सेल लावला आणि म्हणाला, "गेला." दुसऱ्याला लावला. "गेला."

मी म्हणालो, "दोन्ही उलटे?"

"काही जुन्या कंपन्यांचा लाल म्हंजी आत. येकेकाची रीत."

"म्हणून तुम्ही ठिपके खरवडता होय? मला वाटायचं, लाल रंगाशी तुमचं काही वैर आहे."

तात्याने दोन्ही स्पीकर खोक्यांत बसवले, शेजारी शेजारी ठेवले आणि अँप्लिफायरला जोडले. एकाच्या वायरी मुद्दाम उलट्या लावल्या, हे मी पाहिलं. "मास्तर, हितं समोर बसा," म्हणाला आणि माईक घेऊन आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळाने खोक्यांतून त्याचा आवाज आला.

"नदीला पानी सोडलंय. मोटारी काडून घ्या. मळईतली मानसं वर या."

आवाज गेला नव्हता, पण त्यातलं बोलणं गेलं होतं. पोकळ, बिनबुडाचं काहीतरी कानाजवळून जात होतं आणि हाताला लागत नव्हतं. पडवीत, चार हातांवर ही तऱ्हा. तीनशे पावलांवर, वाऱ्यात आणि उसाच्या सळसळीत काय राहिलं असेल?

आतून तात्या ओरडला, "आता बाजूला जावा. दारापशी."

मी दाराशी गेलो. तो पुन्हा तेच बोलला. आता शब्द न् शब्द ऐकू आला.

दोन लाटा उलटसुलट भेटल्या की एकमेकींना खातात. एक पुढे ढकलते, दुसरी त्याच क्षणी मागे ओढते, आणि बरोबर समोरच्या जागी हाती काही उरत नाही. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला मात्र ऐकू येतं. व्यतिकरणाचा हा धडा मी दर वर्षी दिवाळीआधी शिकवतो. फळ्यावर दोन उगम काढतो, मध्यरेषा काढतो आणि मुलांना विचारतो, इथे उभा असलेला माणूस काय ऐकेल? चोवीस वर्षं मी हे विचारत होतो. त्या मध्यरेषेवर मी स्वतः उभा होतो, हे एकदाही डोक्यात आलं नाही. तात्या बाहेर यायच्या आत मला सगळं कळलं होतं.

तो समोर बसला आणि एका दमात बोलला. भोंग्याच्या मागचं आवाज काढणारं युनिट बंद डब्यासारखं असतं, आतला पडदा दिसत नाही. सेल लावला तर नुसतं टक् होतं, आला की गेला ते कळत नाही. म्हणून त्या काळी तो ठिपका बघूनच वायर जोडायचा. खंडेनवमीला त्याने सगळं सामान खाली काढून पुसून पाटावर मांडलं. साखरबाईने तेलात कुंकू कालवलं आणि हत्यारांना लावतात तसं एकेका वस्तूला बोट लावलं. "येका युनिटचा कंपनीचा रंग कवाच उडाला हुता. हिचं बोट पडलं मायनसच्या टोकावर. वाळल्यावर हुबेहूब रंग. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी खांबावर चढून जोडून टाकलं. खाली देवळापशी हॅलो हॅलो केलं, वाजलं. नदीवर कोन जातंय ऐकायला?"

मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"चौथ्या दिवशी. नाना बारीक आवाज म्हनत हुता, म्हनून चढलो. युनिट काडलं, फडकं मारलं, तर फडक्यावर तांबडं उतरलं."

चौथ्या दिवशी. सभा तेराव्यानंतरची. मधले नऊ दिवस मी मोजले. तात्याने मला ते मोजताना पाहिलं.

"हिला काय सांगू? तुझ्या बोटानं प्रयागा गेली, म्हनून? ती जगली नसती, मास्तर. हिच्यासाठी गप बसलो."

"कुंकवाचं नसतं सांगितलं. भोंग्यात दोष होता, एवढं म्हटलं असतं तरी नाना सुटले असते."

तात्या सेलच्या वायरी बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "तेवडं म्हनलो असतो तर दोस कुनाचा, ह्ये इचारलं असतं. आन् खरं सांगू का? माझ्यावर यायच्या आधीच गावानं त्येच्यावर घातलं हुतं. मला फकस्त गप बसायचं हुतं."

मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बोलू नये असं सगळं बोललो. तो मान खाली घालून ऐकत होता. मोटारसायकलला किक मारली तेव्हा मात्र तो राग त्याच्यापाशी थांबला नाही, माझ्यापर्यंत आला. तक्रारीवर सही माझी होती. तात्या एक वाक्य खोटं बोलला, मी एक वाक्य खरं बोललो, आणि दोन्ही मिळून एक माणूस संपला. वस्तीतली दहा माणसं उभी राहून सांगत असताना ती खोटं कशाला बोलतील, हा प्रश्न बी.एस्सी. झालेल्या मला पडला नव्हता. भावकीतल्या म्हाताऱ्याने जे म्हटलं ते मला पटलं होतं. त्या वेळी इतकं पटलं की ऐकल्याचंही लक्षात राहिलं नाही.

नाना जाऊन सोळा वर्षं झाली होती. त्यांची मुलगी करुणा इंदापूरला पोस्टात आहे. तिथल्या बाजारात ती दिसली की मी दुकान बदलायचो. पुढच्या रविवारी मी लासुर्ण्याला गेलो आणि तात्याला म्हणालो, चला. तो तयारच बसला होता, धुतलेलं धोतर नेसून. दोन्ही स्पीकर, अँप्लिफायर आणि सेल त्याने पिशव्यांत भरले होते. "नुसतं सांगून तिला खरं वाटनार न्हाय. दाखवून देतो," म्हणाला. सगळं ओझं मांडीवर घेऊन तो मागे बसला.

करुणाने दार उघडलं. मला ओळखलं, तात्याला ओळखलं आणि काही न विचारता आत घेतलं. पाणी दिलं. भिंतीवर नानांचा फोटो होता, कोतवालाच्या पट्ट्यासकट. तात्याने फोटोकडे पाठ होईल अशी जागा निवडली. त्याने सांगायला सुरुवात केली, खंडेनवमीपासून. कुंकू, बोट, खांब, फडकं, सभा. काही गाळलं नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहितो. मग मी माझं सांगितलं, सहीचं. करुणा ऐकत होती. तिच्या तोंडावर ना राग दिसला, ना रडू.

तात्या पिशवी सोडू लागला. एक स्पीकर त्याने जमिनीवर ठेवला, दुसरा त्याच्या शेजारी. सेल काढला. म्हणाला, "बाळ, जरा हितं समोर बस. तुला दाखवतो, कसं ऐकू येत न्हाय ते."

करुणा जागची हलली नाही. म्हणाली, "मला काय दाखवता, तात्या? मी तर ऐकलं होतं. अंगणात भांडी घासत होते. बाबा तीनदा बोलले. ज्यांना ऐकू आलं नाही त्यांना दाखवा. गावात नेऊन दाखवा."

"गावात बी जातो," तात्या म्हणाला. "तू म्हनशील तवा."

"जा. त्यांच्यातले निम्मे आता नाहीत." ती माझ्याकडे वळली. "आणि बाबाही नाहीत. सर, गावाने म्हटलं ते आम्ही सोसलं असतं. आमची वस्ती बाबांच्या बाजूने होती, आम्ही सगळे होतो. पण बाबा अकरा वर्षं तेच ते घोळवत राहिले. आवाज बारीक कसा लागला, बारीक कसा लागला. शेवटच्या वर्षी अंथरुणावर होते तेव्हा मलाच विचारायचे, 'करुणे, मी खरंच बोललो हुतो का गं?' मी म्हणायची, बाबा, मी माझ्या कानांनी ऐकलंय, सगळ्या वस्तीने ऐकलंय."

तात्याच्या हातातला सेल तसाच हातात होता.

"तर मान हलवायचे," करुणा म्हणाली. "म्हणायचे, 'तू वस्तीतलीच. तू म्हननारच.'"